‘आई, तू साक्षीत खोटं का बोललीस?’

पत्र:

सप्रेम सलाम. माझं वय त्रेचाळीस. अकरा महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, पण शब्द सापडत नाहीत. ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘खिडकी’ येतं. मग स्वतःवरच चिडतात. परवा दुपारी एकदाच स्पष्ट ‘पाणी’ म्हणाले. ते दवाखान्यात होते त्याच आठवड्यात मला बढती मिळाली. सहा वर्षं तिची वाट पाहत होते. ते पत्र पर्समध्ये ठेवून मी आयसीयूच्या बाहेर बसले होते. त्याबद्दल आजही मी कुणाशी नीट बोललेले नाही.

गेल्या महिन्यात प्रार्थना सभेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली. एका वडीलधाऱ्या बंधूंनी मलाच उभं केलं. म्हणाले, “सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं वचन आहे. या आजारपणाबद्दल देवाचे आभार माना, म्हणजे तो मार्ग उघडेल.” मी म्हटलं, “या आजारपणाबद्दल मी देवाचे आभार मानते.” सगळे ‘आमेन’ म्हणाले. घरी येताना माझी सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, तू खोटं का बोललीस?” मला उत्तर देता आलं नाही. रात्री तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडून रडते. प्रार्थनेला बसले की तोंड उघडत नाही. मी अविश्वासू झाले का? आणि बढतीचा मनात कुठेतरी आनंद आहे, त्याची लाज वाटते.

— एक बहीण

उत्तर:

प्रिय ताई, सलाम.

आधी तुमच्या लेकीचा प्रश्न घेते, कारण पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे. तुम्ही आभार मानलेत याचं तिला काही वाटलं नसणार. कशाबद्दल मानलेत, ते तिला खटकलं. घरात काय चाललंय हे ती रोज बघते. आणि नळाचं म्हणाल तर सोळा वर्षांच्या मुलीला नळाच्या आवाजामागचं रडणं ऐकू येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तर हो, ते वाक्य खरं नव्हतं. त्यात फार मोठं पाप झालं असं मला वाटत नाही. भरल्या सभेत अचानक उभं केलं की माणूस समोरच्यांना हवं ते बोलून मोकळा होतो. पण ते खरं नव्हतं हे तुम्हालाही ठाऊक आहे, आणि माझ्या मते प्रार्थनेला तोंड उघडत नाही ते त्यामुळेच. ज्याच्यासमोर खोटं बोललो त्याच्याजवळ पुन्हा बसायला अवघड जातं. याला अविश्वास म्हणत नाहीत. विश्वास उरला नसता तर तुम्हाला अवघडल्यासारखं झालंच नसतं.

आता त्या बंधूंनी वाचलेलं वचन. ते बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं अठरावं वचन आहे. त्याच अध्यायाचं चौदावं वचन काय सांगतं? अल्पधीराच्या लोकांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. म्हणजे उपकारस्तुतीपर्यंत पोहोचायच्या आधी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल मंडळीच्या हाती काम देतो. त्या सभेत अठरावं वचन मोठ्याने वाचलं गेलं, चौदावं वाचायचं राहून गेलं. आणि हे पत्र कुणाला लिहिलंय तेही बघा. थेस्सलनीकाचे लोक छळ सोसत होते, त्यांच्यातली काही माणसं वारली होती, आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्याबद्दल काळजी होती. चौथ्या अध्यायात पौल त्यांना सांगतो की, ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका. शोकच करू नका असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही.

पण नुसत्या वचनांच्या आकडेमोडीने तुमचं समाधान व्हायचं नाही. म्हणून मला तुम्हाला एका रात्रीकडे न्यायचं आहे. आपण प्रभुभोजनाला बसतो तेव्हा दर वेळी ती रात्र आठवतो, पण तिच्यात काय काय घडलं हे सलग क्वचितच बघतो.

ज्या रात्री प्रभू येशूला धरून दिलं, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानले. जेवणानंतर ते सगळे स्तोत्र गाऊन बाहेर पडले. वल्हांडण या यहुदी सणाच्या रीतीप्रमाणे ती ११५ ते ११८ ही स्तोत्रं असणार. त्यातल्या शेवटच्याची सुरुवात “परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे” अशी आहे आणि शेवटही त्याच ओळीने होतो. पण त्याआधीचं ११६ वं स्तोत्र मृत्यूच्या पाशांबद्दल बोलतं. मरणाचं आणि उपकारस्मरणाचं असं दोन्ही गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले. आणि तिथे, गेथशेमाने बागेत, त्याच प्रभूने आपल्या मित्रांना सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. पालथा पडून त्याने बापाला विनवलं की हा प्याला टळून जावा. एकदा मागून थांबला नाही, तीनदा मागितलं. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडला, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”

या सगळ्याला एक दिवसही लागला नाही. त्यात आभार आहेत, गाणं आहे, ‘हे नको’ अशी विनवणी आहे आणि ‘का’ असा आक्रोशही आहे. बोलणारा एकच आहे आणि ऐकणारा बापही एकच. आभार मानले म्हणून त्याला विनवणी करायची चोरी झाली नाही, आणि विनवणी केली म्हणून आधीचे आभार खोटे ठरले नाहीत. आणखी एक गोष्ट बघा. त्याने आभार मानले ते भाकरीबद्दल. त्याला धरून देणाऱ्या शिष्याच्या, यहूदाच्या, चुंबनाबद्दल मानले नाहीत. त्या चुंबनातून देव काय घडवणार आहे हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं, तरी मानले नाहीत.

तुमच्या साक्षीत गोंधळ झाला तो इथे. पक्षाघाताबद्दल आभार मानायला शास्त्र तुम्हाला सांगत नाही. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत बिघाड झाला आणि एका माणसाची वाचा गेली, ही वाईटच गोष्ट आहे. प्रभूला आजारी माणसं भेटली तेव्हा त्याने त्यांना बरं केलं. ‘या दुखण्याबद्दल आभार माना’ असं एकालाही सांगितलं नाही. लाजर या आपल्या मित्राच्या कबरीपाशी तर त्याचं वागणं आणखी स्पष्ट आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात पस्तिसावं वचन दोनच शब्दांचं आहे: “येशू रडला.” आणि पुढे एक्केचाळिसाव्या वचनात, त्याच कबरीसमोर उभं राहून तो बापाचे आभार मानतो. बापाने ऐकलं म्हणून मानतो, लाजर मेला म्हणून नाही.

आता तुम्ही म्हणाल, प्रभूची गोष्ट वेगळी. ठीक आहे, मग स्तोत्रसंहिता घ्या. दीडशे स्तोत्रांतली पन्नासेक तरी गाऱ्हाणी आहेत. तेरावं फक्त सहा वचनांचं आहे आणि सुरुवातच ‘किती वेळ’ अशी आहे. एवढ्याशा स्तोत्रात तो प्रश्न चार वेळा येतो. शेवटी गाणं आहे, पण ते गाऱ्हाणं घालून झाल्यावर. आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर सरळ अंधारातच संपतं. शेवटी आभार नाहीत, आशेची ओळ नाही. तरी देवाच्या लोकांनी ते काढून टाकलं नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं. मला विचाराल तर तुमचं तोंड उघडायला हे स्तोत्र बरं. आज रात्री नळ बंद ठेवा आणि ते मोठ्याने वाचा. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्यायला हरकत नाही, स्तोत्रं त्यासाठीच आहेत.

तुम्हाला कुणीतरी, मुलंबाळं आणि मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचं उदाहरण देणारच, दिलंही असेल. “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!” हे पहिल्या अध्यायात आहे आणि ते थोरच आहे. पण ईयोबाचं पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे देवाला अक्षरशः जाब विचारतो. त्याचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्या सात दिवसांत त्यांनी केलं तेवढंच बरोबर केलं. तोंड उघडलं आणि चुकायला लागले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर, देवाची बाजू घेऊन एवढं बोललेल्यांवर. माझ्याविषयी ईयोब यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावलं. साक्षीला लोकांना उभं करणाऱ्यांनी हा बेचाळिसावा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते मात्र त्या बंधूंच्या वाक्याचं शेपूट: ‘म्हणजे देव मार्ग उघडेल.’ आभार भरले की पावती मिळणार आणि पावती दाखवली की काम होणार, असा हा हिशेब आहे. त्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण मग मिस्टर बरे झाले नाहीत तर दोष कुणाच्या माथी? तुमच्या. तुम्ही पुरेसे आभार मानले नाहीत, मनापासून मानले नाहीत, असं होणार. शास्त्रात असा व्यवहार मला कुठे सापडत नाही. पौलाने देहात सलणारा काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढं उत्तर मिळालं. दानिएलाच्या तीन मित्रांना भट्टीत टाकणार होते तेव्हा त्यांनी राजाला सांगितलं की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने तसं केलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. ते ‘नाही तरी’ माझ्या फार आवडीचं आहे.

इथे बेट्सी टेन बूमची गोष्ट सांगते, कारण ती तुम्हाला कुठल्या ना कुठल्या प्रवचनात ऐकवली जाईल. हॉलंडमधल्या या कुटुंबाने दुसऱ्या महायुद्धात यहुदी लोकांना घरात लपवलं. १९४४ मध्ये त्यांना अटक झाली आणि बेट्सी व तिची धाकटी बहीण कॉरी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पोहोचल्या. बराकीत पिसवांचा सुळसुळाट होता. बेट्सीने पिसवांबद्दलही देवाचे आभार मानले. कॉरीला ते अजिबात पटलं नाही. पुढे कळलं की पिसवांच्या भीतीने पहारेकरी आत यायला बघत नव्हते, आणि म्हणूनच त्यांना तिथे शास्त्र वाचता येत होतं. गोष्ट सहसा इथेच संपवतात. पुढचं असं की बेट्सी त्याच वर्षी डिसेंबरात त्या छावणीत वारली. तिच्या आभारांनी छावणीचं दार उघडलं नाही, आणि ते उघडावं म्हणून तिने ते मानलेही नव्हते. शिवाय ती स्वतः त्याच फळीवर, त्याच पिसवांत झोपत होती. तिने ते म्हणणं वेगळं, आणि बाहेर गादीवर झोपणाऱ्या कुणी तिच्याकडून म्हणवून घेणं वेगळं. पिसवांबद्दल आभार मानायचे की नाही हे ज्याला त्या चावतात त्याने ठरवावं. कॉरीला जमलं नाही. म्हणून तिला कुणी अविश्वासू म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता बढती. खरं सांगू? तुमच्या पत्रात मला आजारपणाहून याची जास्त काळजी वाटली. दुःखात आभार सुचत नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण तुम्ही देवाने दिलेली चांगली गोष्ट अकरा महिने पर्समध्ये लपवून ठेवली आहे. मिस्टर पडून आहेत आणि मी खूश कशी, असं तुम्हाला वाटतं. हे प्रेमातूनच येतं, कळतं मला. तरीही ते बरोबर नाही. उपदेशकाच्या सातव्या अध्यायात म्हटलंय की चांगल्या दिवशी आनंद कर आणि वाईट दिवशी विचार कर, दोन्ही देवानेच एकापुढे एक ठेवले आहेत. तुमच्याकडे दोन्ही एकाच आठवड्यात आले, एवढंच. आनंदाची जागा दुःखाने खाल्ली म्हणून मिस्टरांची वाचा परत यायची नाही. पौल तीमथ्याला लिहितो की देव आपल्याला सगळं भरपूर देतो ते उपभोगासाठी देतो. लाजेसाठी देतो असं नाही म्हणत.

एरवी शास्त्राला भीती वाटते ती वेगळ्याच माणसांची. अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना बजावतो: पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं आणि सोनंनाणं वाढेल, तेव्हा सांभाळा, मन उन्मत्त होऊन परमेश्वराला विसराल. रानात विसराल असं तो म्हणत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी दुखणं होतं तोवर सगळे एका सुरात ओरडत होते. बरे झाल्यावर एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. उरलेले नऊ जण काही दुष्ट नसावेत. घरी जायची घाई असेल. सुखात आभार विसरतात ते बहुतेक असे, काम आटोपल्यावर निघून जातात तसे. तुमचं तसं नाही. तुम्ही विसरलेल्या नाहीत, फक्त उघडपणे घेतलेलं नाही. तेव्हा आता घ्या. ते पत्र मिस्टरांना दाखवा. शब्द सापडत नसले तरी त्यांना समजत असेलच. अशा आजारात बोलण्यापेक्षा समजणं पुष्कळदा अधिक शाबूत असतं. आणि सहा वर्षं तुमच्याबरोबर त्यांनीही वाट पाहिली होती ना? त्यांच्या वाट्याचा आनंद तुम्ही परस्पर अडवून ठेवलाय.

मग आजारपणात आभार मानायचेच नाहीत का? मानायचे, पण जे खरोखर मिळालं त्याचे. परवा ते ‘पाणी’ म्हणाले, ते मिळालं. त्याचे आभार मानताना जीभ अडखळणार नाही, बघा. ‘देवा, आज पाण्याला पाणी म्हणाले, तुझे आभार. बाकी अजून काहीच नीट नाही, आणि मी थकले आहे.’ ही प्रार्थना पूर्ण आहे. तिला पुढे गोड शेवट जोडायची गरज नाही. एखाद्या दिवशी काहीच सापडलं नाही तर त्या दिवशी नुसतं गाऱ्हाणं घाला. फिलिप्पैकरांस लिहिताना पौल म्हणतो की कुठल्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. कैदेत असताना लिहितोय, दमास्कसच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठलं तिथून उठल्या उठल्या नाही. त्याला शिकायला वर्षं लागली. तुम्हाला अकरा महिने झालेत.

एक कामाची गोष्ट. शब्द शोधून बोलता येत नाही अशा कित्येक रुग्णांना पाठ असलेलं गाणं किंवा प्रार्थना मात्र म्हणता येते. यात चमत्कार नाही. मेंदूत गाण्याचं आणि पाठांतराचं काम शब्द जुळवण्याच्या कामापेक्षा थोडं निराळ्या वाटांनी चालतं. मिस्टरांना लहानपणापासून येणारं एखादं गीत किंवा प्रभूची प्रार्थना त्यांच्याबरोबर सावकाश म्हणून बघा. नाही जमलं तर सोडून द्या, त्यांची परीक्षा घेऊ नका. जमलं तर स्पीच थेरपिस्टला आवर्जून सांगा, त्याचा उपचारात उपयोग करून घेता येतो. आणि सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त वेगाने होत असली तरी त्यानंतर ती थांबतेच असं नाही, तेव्हा थेरपी सोडू नका.

तुमच्यासाठीही डॉक्टरांकडे जा. रोज रात्री रडणं अकरा महिने चाललं असेल तर ते नुसतं आत्मिक प्रकरण म्हणून सोडून देऊ नये. झोप आणि भूक कशी आहे तेही त्यांना सांगा.

लेकीला आता काय सांगायचं? खरं ते. ‘तू बरोबर बोललीस. बाबांच्या आजाराबद्दल मला आभार वाटत नाहीत, मला त्याचा राग येतो. देवाला ते मी आता सांगायला लागले आहे.’ तिच्या विश्वासाचं काय होईल अशी भीती बाळगू नका. आई देवाशी खरं बोलते हे तिने बघितलेलं बरं. आणि तिलाही विचारा, तिला बाबांच्या बाबतीत काय वाटतं. तिने कदाचित हे कुणाला सांगितलं नसेल. घरात रडायचा नळ एकच असतो आणि तो तुम्ही अडवला आहे.

राहिले ते बंधू. त्यांच्याशी वाद घालू नका, पण पाळकांना एकदा भेटून झालेलं सगळं सांगा. आणि पुढच्या सभेत पुन्हा तुमचं नाव घेतलं, तर बसल्या जागेवरून म्हणा, “आज साक्ष नाही. आज माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि मंगळवारी यांना थेरपीला न्यायला कुणीतरी बरोबर या.” वार तुमच्या सोयीने बदला, पण मागणी बदलू नका.

तुमची,
सदर लिहिणारी बहीण